रक्तातला पासंग

ही गोष्ट तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मध्येच उठून जायचंय त्यांना चपला शोधायला वेळ मिळेल. मला स्वतःलाही ती पचायला जड गेली, आणि मी तर काटेसाहेबांच्या शेजारच्या टेबलावर अख्खी नोकरी काढलेली. आमच्या वहिनी समोर शेंगा सोलत बसल्यात. पहिल्याच वाक्याला त्यांची भुवई वर गेली आहे. जाऊ द्या. गोष्ट संपेपर्यंत ती खाली येईल, नाहीतर दुसरीही वर जाईल.

'काटेसाहेब' हे त्यांचं नाव नव्हे, बाजाराने बहाल केलेली पदवी. वजनमापे खात्यात ते निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खऱ्याला शिक्का मारायचा, खोट्याला सील ठोकायचं, हा त्यांचा धंदा, धर्म आणि करमणूक. एकदा एका वाण्याच्या काट्यावर माशी येऊन बसली. वाणी हाकलायला धावला तर साहेब म्हणाले, "बसू दे. मी तिला वजा केलंय." खोटं वाटत असेल तर त्या माशीला विचारा.

त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, पासंग. रिकामा तराजू उचलला तरी एक पारडं किंचित खाली जातं ना, त्या झुकावाला पासंग म्हणतात. दुकानदार तो लपवतो, साहेब तो हुडकून काढत. 'काटा एक तर खरा असतो नाहीतर खोटा, मधलं काही नसतं,' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माणसांनाही ते हाच नियम लावत. त्यामुळे त्यांना मित्र कमी आणि ओळखी फार होत्या. घरात मात्र सगळा व्यवहार एका शब्दावर चाले. बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, त्यांना "अहो" म्हणत. त्या एका 'अहो'त चहा झालाय, दूध उतू गेलंय, तुमची बहीण आलीये आणि तुमचं हे वागणं शोभतं का, या चारही गोष्टी निरनिराळ्या सुरांत मावायच्या, आणि साहेबांना आपल्या पितळी वजनांपेक्षा तो सूर जास्त अचूक कळायचा.

तर झालं असं, की बढतीसाठी खात्याने तब्येतीचा दाखला मागितला. दाखल्याला लागतात दोनच तपासण्या, साखर आणि रक्तदाब. साहेब रक्त तपासायच्या ठिकाणी गेले. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की थोडे जास्त दिलेत तर संपूर्ण शरीराची तपासणी होते, त्यात इतकी नावं आहेत की आम्हालाही सगळी वाचून दाखवता येत नाहीत. आता, आयुष्यभर दुसऱ्याला माप भरून द्यायला लावणारा माणूस स्वतः अर्धं माप घेऊन घरी जाईल का? साहेबांनी बाही वर केली आणि म्हणाले, "सगळं करा. कमी करू नका."

एवढंच केलं हो त्या माणसाने. बाही वर केली. पुढचं सगळं त्या बाहीतून निघालं.

अहवाल आला तो लग्नाच्या अल्बमएवढा. साखर ठीक, रक्तदाब ठीक, हाडं, यकृत, मूत्रपिंड सगळी आपापल्या जागी हजर. आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ ठळक अक्षरांत: हर्पीस सिम्प्लेक्स दोन, आयजीजी, पॉझिटिव्ह. शेजारी बारीक अक्षरांत एक आकडा, एक पूर्णांक चार. आयुष्यभर बारीक आकडे वाचलेल्या माणसाने त्या दिवशी ठळक शब्द वाचला आणि आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भीती अशी असते, माणसाच्या हातून त्याचा धंदासुद्धा काढून घेते.

हर्पीस म्हणजे काय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेजारी निवृत्त हेडमास्तर राहायचे, त्यांच्याकडे तीन विटांएवढा जाड शब्दकोश होता. हेडमास्तरांना कमी ऐकू येई, म्हणून ते कानात सांगायची गोष्टही मैदानावर कवायत घेतल्यासारखी सांगत. त्यांनी पान उघडलं, बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "साहेब, नागीण."

जिन्यातली तीन दारं उघडली.

नागीण म्हणजे ती अंगावर उठते ती. लाल पट्टा, फोड, आग. कंबरेला विळखा घालत जाते, आणि तोंड शेपटीला टेकलं की माणूस आटोपला, असं सगळे सांगतात. ज्यांच्या तोंड-शेपटीची गाठ पडली ते मात्र सांगायला कधी भेटत नाहीत, किंवा भेटतात ते धडधाकट असतात. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने टेप गळ्यात टाकून वर धाव घेतली. त्याचं म्हणणं सरळ होतं. नागीण किती वाढली हे रोज मोजलं पाहिजे, आणि मोजमापाच्या बाबतीत त्याच्याहून जाणता माणूस इमारतीत कोण? साहेबांनी सदरा वर केला. कंबरेवर काहीही नव्हतं. ना पट्टा, ना फोड, ना खाज. शिंपी दिङ्मूढ झाला. त्याने टेप फिरवला, पुन्हा फिरवला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आतून चाललीये."

ही बातमी इतकी नवी होती की संध्याकाळपर्यंत सगळी इमारत पाहून गेली. आतून चाललेली नागीण कुणी पाहिलीच नव्हती, आणि त्या दिवशीही कुणाला दिसली नाही, पण न दिसणं हाच तिचा पुरावा होता. बाईंनी सगळ्यांना चहा केला आणि प्रत्येक कप देताना एकदा तरी म्हणाल्या, "अहो, सरळ बसा, विळखा आवळेल." काळजीचा सूर होता. हा 'अहो' ऐकून ठेवा. यानंतर बराच काळ तो ऐकू येणार नाही.

कारण हेडमास्तरांना चैन पडेना. त्यांनी जावयाकडून फोन मागून घेतला, त्यावर दोन दिवस वाचन केलं आणि आपली चूक सुधारायला आले. शिक्षकच ते, चूक सुधारली नाही तर जेवण जात नाही. त्यांनी दारातच उभं राहून, आपल्या समजुतीप्रमाणे कुजबुजत, सबंध जिन्याला सांगितलं की आपण म्हटलं ती नागीण वेगळी, तो हर्पीस वेगळा. ती कांजिण्यांच्या घराण्यातली. ही सिम्प्लेक्स. हिच्यातली पहिली ओठावर येते. "आणि दुसरी, साहेब, दुसरी ही... संबंधांतून येते."

"कुणाच्या संबंधांतून?" वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं.

हेडमास्तरांनी तेही सविस्तर सांगितलं. विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांनी कधी अनुत्तरित ठेवलेला नव्हता.

साहेब वळले तर बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हातात चिमटा, चिमट्यात कोळशासारखी झालेली पोळी. पोळी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "जेवण वाढलंय."

जेवण वाढलंय. कुणाला वाढलंय, पत्ता नाही. त्या दिवसापासून त्या घरात 'अहो' नाहीसा झाला. चहा ठेवला जाई, पाणी तापवलं जाई, कपडे वाळत घातले जात. सगळी क्रियापदं कर्मणी झाली. भांडल्या असत्या तर साहेबांनी सहन केलं असतं, रडल्या असत्या तर समजूत घातली असती. पण कर्त्यावाचून चाललेल्या वाक्याशी भांडायचं कसं? साहेब एकदा मोठ्या धीराने म्हणाले, "अगं, मी कुठे गेलोय का कधी? मी सहलीलासुद्धा जात नाही." बाई म्हणाल्या, "भाजी आणायला हवी."

शिंप्याने तर टेप दाखवायचाच बंद केला. पूर्वी साहेबांचे पायजमे शिवताना माप घ्यायला वर येत असे. आता म्हणाला, जुन्या मापावर शिवतो. माणसाची अब्रू किती शिल्लक आहे हे पाहायचं असेल तर शिंपी किती लांबून माप घेतो ते पाहावं.

हेडमास्तरांना वाईट वाटलं. आपणच पेटवलं, आपणच विझवावं, म्हणून त्यांनी सुचवलं की आयजीएम नावाची आणखी एक तपासणी असते, ती रोग जुना की नवा ते सांगते. जुना निघाला तर लग्नाआधीचा म्हणून सोडून देता येईल. साहेबांनी परगावी जाऊन ती करून घेतली. निकाल: आयजीएम पॉझिटिव्ह. म्हणजे, हेडमास्तर कुजबुजले आणि खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला, म्हणजे नवा. ताजा. अलीकडचा.

बाईंनी स्वतःची बॅग भरली नाही. साहेबांची भरली. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याशेजारी ठेवली. त्यात सदरे होते, दाढीचं सामान होतं, आणि गरम पाण्याची पिशवीही होती, कारण साहेबांची पाठ धरते. हीच गोष्ट साहेबांना सर्वांत लागली. रागातसुद्धा जिला पाठ आठवते, तिचा राग किती खोल गेला असेल, याचं वजन त्यांना करता येईना.

मग मात्र ते पेटले. रक्त देऊन झालं होतं, अब्रू देऊन झाली होती, आता त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती, सरकारी अधिकार. सकाळी त्यांनी मखमली पेटीतली पितळी वजनं घेतली, सील करायचा चिमटा घेतला, तार आणि शिशाचे मणी घेतले, आणि थेट गावातल्या त्या पहिल्या रक्त तपासायच्या ठिकाणी जाऊन उभे राहिले. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, यंत्रावर शिक्का कुठाय?

"काका, हे यंत्र वजन करत नाही."

"मग आकडा कसला देतं?"

साहेब आत शिरले. यंत्र होतं कपाटाएवढं, दिवे लुकलुकत होते. साहेबांनी रीतसर त्याच्या तबकात अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. यंत्र हुंकारलं, थरथरलं आणि त्याने एक कागद बाहेर टाकला. त्यावर लिहिलेलं होतं की पितळी वजनाला कावीळ नाही, लोह मात्र कमी आहे. वहिनी, हसू नका, मी तो कागद पाहिलाय. पितळेत लोह कमीच असणार, म्हणजे यंत्र अगदीच वेडं नव्हतं. पण साहेबांनी तार ओवली, शिशाचा मणी दाबला, आणि यंत्राला सील ठोकलं.

आणि काय सांगू, गावभर निरोगीपणाची साथ पसरली. अहवालच निघेनात, त्यामुळे कुणाला काही झालंय हे कळेना. साखर असलेले लोक आनंदाने साखर खाऊ लागले. दवाखाने ओस पडले. एक डॉक्टर तर कंटाळून स्वतःच्याच नाडीवर बोट ठेवून बसलेले मी पाहिले.

पण खात्यात खळबळ उडाली. वरून विचारणा झाली की सील कोणत्या कलमाखाली? रक्त ही वस्तू वजनाने विकतात की मापाने? फाइल द्रवपदार्थ विभागाकडे गेली. त्यांनी शेरा मारला की रक्त गोठतं, सबब घनपदार्थांकडे पाठवावं. घनपदार्थवाल्यांनी लिहिलं की गोठेपर्यंत ते आमचं नाही. शेवटी ती लांबी मोजणाऱ्या विभागाकडे पोचली, कारण कुणीतरी टिपण जोडलं होतं की रक्ताची नाती कधीकधी लांबची असतात. हे टिपण कुणाचं ते विचारू नका. अक्षर माझ्यासारखं होतं.

शेवटी हुकूम आला की निरीक्षकांनी स्वतः जाऊन सील काढावं आणि तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाईंची क्षमा मागावी.

साहेब मान खाली घालून गेले, सील काढून उभे राहिले. वाटलं होतं, झाडतील. पण डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि कुतूहलाने भरलेल्या निघाल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं हे यंत्र वापरतोय, लोक अहवाल घेऊन रडतात, भांडतात, फाडतात. 'तुमचा काटा खरा कशावरून' असं विचारणारे तुम्ही पहिलेच. बसा. अहवाल दाखवा.

त्यांनी ठळक शब्दावर अंगठा ठेवला, तो झाकून टाकला, आणि आकडा दाखवला. "हे वाचलंत?"

"एक पूर्णांक चार," साहेब म्हणाले. स्वतःच्या आवाजाची त्यांना लाज वाटली. बारीक आकडा. आपण.

मग त्यांनी साहेबांना आत नेलं आणि एक पारदर्शक पाटी दाखवली. तिच्यात ओळीने खळगे, मुंगीला आंघोळ करता येईल एवढेसे. प्रत्येक खळग्यात एकेका माणसाचं रक्त, तेही लाल नव्हे, निवळलेलं, पिवळसर. काहींत रंग गडद, काहींत फिका, काहींत जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा रंग म्हणजेच आकडा. यंत्र रोग शोधत नाही. चोर घरात शिरला होता का, हे ते चोराला पकडून सांगत नाही. तो चोर ओळखणारे पहारेकरी, म्हणजे कागदावरचं ते आयजीजी, रक्तात आहेत का, तेवढं पाहतं. एकदा आलेला चोर रक्त विसरत नाही. जन्मभर त्याच्या नावाचे पहारेकरी ठेवतं.

"पहिल्या प्रकारचे पहारेकरी तुमच्याकडे भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "ते बहुतेकांकडे असतात. लहानपणी मावशीने, आत्याने गालाचा मुका घेतला असेल, तेवढं पुरतं."

साहेब त्या खळग्याकडे बघत राहिले. त्यांची मावशी कधीच गेली. तिचा चेहराही आता नीट आठवत नसे, फोटो नव्हता. आणि तिने घेतलेला मुका त्यांच्या रक्तात अजून पहाऱ्यावर उभा होता? खात्याच्या भांडारात प्लॅटिनमची वजनं काचेच्या झाकणाखाली ठेवतात, त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही. साहेबांना वाटलं, तसलं काहीतरी आपण आयुष्यभर सदऱ्याच्या आत बाळगून बाजारात फिरत होतो. त्यांनी चप्पल काढली. का काढली हे त्यांना सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलंही नाही.

मग त्या मुद्द्यावर आल्या. पहिल्याचा पहारेकरी कधीकधी दुसऱ्यालाही ओळखतो, भावाभावांत साम्य असतं ना, तसं. मग फिका रंग चढतो. शून्य पूर्णांक नऊच्या खाली नाही म्हणायचं, एक पूर्णांक एकच्या वर आहे म्हणायचं, ही रेघ माणसांनी आखलेली. रेघेच्या किंचित वर गेलं की यंत्र ठळक अक्षरांत छापून मोकळं होतं. "तिनाच्या आतला पॉझिटिव्ह म्हणजे काठावर पास झालेला पोरगा. त्याच्या भरवशावर पेढे वाटू नयेत, आणि घरही मोडू नये."

"पण काटा एक तर खरा असतो नाहीतर खोटा," साहेब म्हणाले. सवयीने म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "बरं. बाजारात शंभर दुकानं आहेत. चोर दोघंच. तुम्ही एक घंटी आणलीत. चोरासमोर ती वाजतेच. पण शंभरात तीन भल्या माणसांसमोरही वाजते. आता सांगा, घंटी वाजली त्या पाचांतले चोर किती?"

साहेबांनी बोटांवर मोजलं. दोन. पाचांत दोन. घंटी चांगली होती, एकही चोर सुटला नव्हता. तरी तिच्या शब्दावर शिक्षा केली असती तर जास्त भलीच माणसं आत गेली असती. आणि त्याच घंटीने चोरांच्या आळीत, जिथे निम्मे चोर आहेत तिथे, जवळजवळ खरंच सांगितलं असतं. घंटी तीच. बाजार वेगळा. म्हणजे काट्याचा खरेपणा काट्यात नसतोच, तो कुठे लावला यात असतो! हा असला पासंग त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तो पारड्यात नव्हता, दांडीत नव्हता, तो सबंध गावात पसरलेला होता. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि तो काटा, ते नंतर मला म्हणाले, अगदी खरा होता.

बाकीचं डॉक्टरीणबाईंनी चहा पिता पिता सांगितलं. काही त्रास नसताना ही तपासणी करायचीच नसते. आयजीएमवर तर विसंबूच नये, ती जुन्याला नवा म्हणते आणि भलत्यालाच हर्पीस म्हणते. कुणाला खरंच नुकती लागण झाली असेल तर पहारेकरी तयार व्हायला तीन-चार महिने जातात, तोवर निगेटिव्हही खोटं असू शकतं. आणि पॉझिटिव्ह खरं ठरलं तरी कधी झालं, कुणाकडून झालं, हे रक्त सांगत नाही. लाखो लोकांच्या अंगात असतं, त्यांना पत्ताही नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. आता वेगळ्या पद्धतीची दुसरी तपासणी करू, मोठ्या ठिकाणी नमुना पाठवू, आणि वाट पाहू.

वाट पाहणं साहेबांना आलं असतं, पण सोफ्यावर नव्हे.

घरी जाताना त्यांनी शिंप्याकडून शंभर बटणं मागून आणली. पांढरी अठ्ठ्याण्णव, काळी दोन. स्वयंपाकघराच्या फरशीवर ती मांडली. बाई भाजी चिरत होत्या, चिरत राहिल्या. साहेबांनी सगळं समजावलं. घंटी, चोर, भले, काठावर पास झालेला पोरगा. मधेच मावशीचंही सांगितलं. दोन काळी आणि तीन पांढरी बटणं त्यांनी बाजूला काढून ठेवली.

बाईंनी विळी आडवी केली. खाली वाकून त्या पाच बटणांकडे पाहिलं.

"यातलं तुमचं कोणतं?"

बघा, वाक्यात माणूस परत आला होता. पण हा प्रश्न कसला होता! साहेबांच्या जिभेवर उत्तर तयार होतं, ते एक पांढरं बटण उचलणारही होते. पण मघाशी पाहिलेल्या त्या खळग्यांनी त्यांचा हात धरला.

"ते या बटणांवरून कळत नाही," ते म्हणाले. "मी कुठे गेलो नाही, हे मला माहीत आहे. पण यंत्राला ते माहीत नाही, आणि तुझ्याकडे माझा शब्द सोडून दुसरा काटा नाही. तो वापरायचा की नाही ते तू ठरव."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा काटा शिक्का न मारता दुसऱ्याच्या हातात दिला. बाईंनी पाचही बटणं गोळा केली, मुठीत घेतली आणि भाजी फोडणीला टाकली. रात्र व्हायच्या आत सोफ्याशेजारची बॅग आपल्या जागी गेली होती. कुणी नेली, पत्ता नाही. कर्मणी.

निकाल यायला वेळ लागला. तेवढ्या काळात साहेब बदलले. बाजारात काट्यांसमोर उभे राहून हळू आवाजात त्यांच्याशी बोलत. एका वाण्याला म्हणाले, तुझा काटा खोटा नाही, साशंक आहे. वाणी तीन दिवस घाबरून होता. संध्याकाळी गच्चीवर जाऊन इमारतीतल्या लोकांकडे बघत, आणि या प्रत्येकाच्या रक्तात कुठल्या कुठल्या मावश्या उभ्या असतील, या विचाराने स्तिमित होत. हेडमास्तरांकडे बघून तर त्यांचे डोळेच भरून येत, कारण त्या माणसाचाही कुणीतरी कधीतरी मुका घेतला असणार.

मग अहवाल आला. एकच पान. दुसरा प्रकार: निगेटिव्ह. पहिला: पॉझिटिव्ह, भरघोस. साहेबांनी तो बाईंपुढे धरला. त्यांनी आधी आकडा वाचला, मग शब्द. शिकलेल्या होत्या आता. कागदाची घडी घालून डब्याखाली ठेवली आणि चुलीकडे वळून म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय."

साहेब खुर्चीवर बसले. त्या 'अहो'चं वजन किती होतं म्हणता! खुर्चीचा एक पाय फरशीत बोटभर रुतला. खूण अजून आहे, जाऊन बघा. आणि चहाचा कप हातात धरून त्यांनी तेवढं एकच विचारलं, "खरं सांग, तुला शंका आली होती?"

आणि त्या माउलीने काय उत्तर द्यावं! वळून बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "क्षणभरही नाही."

इथे मी थांबलो. गोष्ट इथेच संपते, आणि शेवट किती सुरेख आहे हे सगळ्यांच्या तोंडांवर दिसत होतं. पण वहिनींनी शेंगांची परात खाली ठेवली.

"भाऊजी, माशी मान्य. पितळी वजनाला काविळीचा कागद दिला, तोही मान्य. पण हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"असं ती म्हणालीच नाही. कुठलीच म्हणणार नाही. ती म्हणाली असणार, 'आली होती. रोज येत होती. तरी थांबले ना?'"